'होते' आणि 'हेच होते' : विकरांच्या व्याख्येतून गळलेला 'च'

मंडळी, आज एका वाक्याची तपासणी करायची आहे. वाक्य तुमच्या ओळखीचे आहे. बहुतेकांनी ते शाळेत पाठ केलेले असेल. विकरे ही सजीवांच्या शरीरातली उत्प्रेरके होत, ती रासायनिक अभिक्रियांचा वेग वाढवतात आणि स्वतः त्यात खर्ची पडत नाहीत. शब्द पुस्तकागणिक थोडे इकडेतिकडे होतात, आशय तोच. विकर म्हणजे एन्झाइम. आम्ही दोन्ही शब्द वापरणार आहोत, ज्याला जो रुचेल तो त्याने घ्यावा.

आता तत्त्वज्ञानाच्या माणसाने या वाक्याच्या वाटेला कशासाठी जावे? तर त्यातल्या क्रियापदासाठी. 'वाढवतात' हे कार्यकारणाचे क्रियापद आहे. कोणामुळे काय घडले, हा आमच्या धंद्यातला फार जुना तंटा आहे. आमचे म्हणणे एवढेच, की हे वाक्य खोटे नाही. पण विकरांचे एक मोठे कूळ असे आहे, की त्याचे खरे कर्तृत्व या वाक्यात कुठेच येत नाही. पेनिसिलिन ज्याने होते ते विकर या कुळातले. चंदनाचा वास, तिळातली काही द्रव्ये, कितीतरी औषधे आणि विषे, ही सगळी याच कुळाची करणी. तेव्हा अपवाद म्हणून बाजूला सारावे असे हे प्रकरण नाही.

आधी वाक्याची बाजू नीट ऐकून घेऊ. एमिल फिशरने १८९४ साली कुलूप आणि किल्लीची उपमा दिली. विकरात एक खोबण असते, तिच्यात ठरावीकच रेणू बसतो. पुढे १९४०च्या दशकात लायनस पॉलिंगने ती उपमा जरा सरकवली. विकराची खोबण मूळ रेणूला घट्ट बसत नाही. तो रेणू बदलत असताना मधल्या क्षणी जो वेडावाकडा आकार घेतो, त्या आकाराला ती घट्ट बसते. डोंगराच्या अलीकडच्या गावातून पलीकडच्या गावात जायचे तर खिंड चढावी लागते. विकर खिंडीची उंची कमी करते, म्हणून ये-जा वाढते. सुरेख कल्पना आहे, आणि हजारो विकरांना ती लागू पडते. लाळेतले विकर पिष्टाचे तुकडे करते, तिथे हेच चालते. पिष्ट आणि पाणी एकमेकांशेजारी वर्षभर ठेवले तरी आपणहून फारसे काही करणार नाहीत. तिथे अडचण आळसाची आहे. विकर आळस घालवते.

पण जिथे अडचण आळसाची नसून उतावळेपणाची आहे, तिथे काय?

रसायनशास्त्रात काही रेणू असे असतात, की ते मधल्या टप्प्यावर तयार होतात आणि क्षणात कशाशी तरी संयोग पावून नाहीसे होतात. त्यांना अतिक्रियाशील मध्यरूपे म्हणू. एक इलेक्ट्रॉन एकटा पडलेला मुक्त मूलक, म्हणजे रॅडिकल. धनभार उघडा पडलेला कार्बन, म्हणजे कार्बोकॅटायन. ऑक्सिजनला धरून बसलेले, इलेक्ट्रॉनांना वखवखलेले लोह. यांना जोडीदार निवडायला सवड नसते. शेजारी पाणी असेल तर पाणी, प्रथिन असेल तर प्रथिन. खुद्द ज्या विकराने त्याला जन्म दिला त्याच्यावरही ते उलटते. अशा रेणूपुढे खिंड नाहीच, चहूकडे उतार आहे. 'वेग वाढवला' हे म्हणणे इथे जवळजवळ निरर्थक ठरते. जो आधीच कड्यावरून घसरतो आहे त्याचा वेग कोण कशाला वाढवील? प्रश्न आहे तो कोणत्या दरीत पडणार हा.

पेनिसिलिनचे उदाहरण जरा सविस्तर घेऊ, कारण त्यात सगळा मसाला आहे. डोरोथी हॉजकिन यांनी १९४५ साली क्ष-किरणांनी पेनिसिलिनची रचना पक्की केली. त्यात चार अणूंचे एक कडे निघाले, आणि त्याला चिकटून पाच अणूंचे दुसरे. चार अणूंचे कडे म्हणजे ताणून बांधलेली गोष्ट. तोच ताण जंतूंना मारायला कामी येतो आणि तोच ताण ते बनवायला आड येतो. अमेरिकेत जॉन शीहान यांनी वर्षानुवर्षे खपून १९५७ साली ते प्रयोगशाळेत घडवले. फार मोठे काम. तरीही पेनिसिलिनचे कारखाने पुढेही बुरशीवरच चालले. आपल्या पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स निघाली, तिथेही मोठमोठ्या टाक्यांत बुरशीच वाढवली जाई. पिंपरीतून जाताना त्या नावाची पाटी आपण सगळ्यांनी पाहिली असेल. आत टाकीत काय चालते याचा विचार मात्र थोड्यांनी केला असेल.

आत चालते ते असे. बुरशी आधी तीन अमिनो आम्लांची एक साधी साखळी तयार करते. सरळ, लवचिक, मऊ दोरीसारखी. मग आयसोपेनिसिलिन एन सिंथेज नावाचे एक विकर त्या दोरीला हात घालते. या विकरात तीनशेहून अधिक अमिनो आम्ले आहेत आणि मध्यभागी लोहाचा एकच अणू. साखळीतला गंधक या लोहाला जाऊन चिकटतो. मग हवेतल्या ऑक्सिजनचा एक रेणू येऊन लोहावर बसतो. त्या एका रेणूच्या बळावर साखळीतले चार हायड्रोजन काढून घेतले जातात, दोन कडी मिटतात आणि ऑक्सिजन दोन पाण्याच्या रूपाने बाहेर पडतो. आधी चाराचे कडे मिटते. त्या वेळी लोह आणि ऑक्सिजन यांची जी जोडी उरते, ती मघाशी म्हटली ती वखवखलेली जात. ती साखळीतल्या दुसऱ्या टोकाचा हायड्रोजन ओढते, तिथे कार्बनचा मूलक उरतो, आणि तो मूलक गंधकाला मिळून पाचाचे कडे पुरे करतो. ऑक्सफर्डला जॅक बाल्डविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही कहाणी अनेक वर्षे खपून उलगडली. १९९० च्या दशकात स्फटिकांतून ती पाहिलीही. स्फटिक ऑक्सिजनविना वाढवायचे आणि मग दाबाखाली ऑक्सिजन सोडायचा, अशी युक्ती होती.

आता इथे तत्त्वज्ञाने थांबून विचारायला हवे. त्या लोह-ऑक्सिजनच्या जोडीला दुसरे काय काय करता आले असते? कितीतरी. या लोहाचीच भावंडे म्हणावीत अशी दुसरी विकरे आहेत. त्यांच्यात हीच जोडी हायड्रोजन काढते आणि लगेच त्या जागी ऑक्सिजन बसवून मोकळी होते. तोच तिचा नेहमीचा स्वभाव. पेनिसिलिनच्या विकरात ती तसे करत नाही. बाल्डविन यांच्या मंडळींनी मूळ साखळीत थोडेथोडे फेरफार करून तऱ्हेतऱ्हेच्या साखळ्या या विकराला दिल्या. काहींची निराळी कडी झाली, आणि काहींत ऑक्सिजन बसून गेला! म्हणजे तो पर्याय मेलेला नव्हता, दाराआड उभा होता. मूळ साखळी जशी बसते, तशी बसल्यामुळे दार लागलेले राहते, इतकेच.

म्हणून आम्ही म्हणतो, की 'या विकराने पेनिसिलिन होते' हे अर्धे वर्णन. खरे नवल 'पेनिसिलिनच होते' यात आहे. मराठीने आपल्याला हा 'च' दिला आहे, एका अक्षराचा. आपल्या जुन्या नैयायिकांनी आणि बौद्ध तार्किकांनी संस्कृतातल्या 'एव' या एवढ्याशा शब्दावर पानेच्या पाने खर्च केली. त्याच्या एका अर्थाला ते अन्ययोगव्यवच्छेद म्हणत, म्हणजे दुसऱ्या कशाशी संबंध येऊ न देणे. पाठ्यपुस्तकातले वाक्य 'होते' आणि 'लवकर होते' एवढ्यावर थांबते. 'हेच होते' याला त्यात जागा नाही. कोणी म्हणेल, की पुस्तकात पुढे विशिष्टता नावाचा एक मुद्दा असतो. असतो. पण तो कोणता रेणू आत येतो याबद्दल असतो, कुलूप-किल्लीचा. आत आल्यावर, पेटल्यावर, त्याचे काय काय होऊ शकले असते आणि का झाले नाही, याबद्दल ती किल्ली मुकी आहे.

हे कोणी म्हटलेच नव्हते असे नाही. कार्ल्सरुहचे यानोश रेतेय यांनी १९९० साली एका गाजलेल्या लेखात नेमके हेच म्हटले. ब-१२ जीवनसत्त्वावर चालणाऱ्या विकरांचा त्यांचा अभ्यास होता. तिथे मूलक तयार होतो आणि त्या मूलकाला जे हवे ते करायला फारशी मदत लागतच नाही. विकर काय करते? नको त्या वाटांवरच्या खिंडी उंच करते. या कल्पनेला त्यांनी ऋण उत्प्रेरण असे नाव दिले. आमच्या मते गेल्या शतकातल्या विकरांविषयीच्या थोड्या खरोखर नव्या कल्पनांपैकी ही एक. पण तिच्यावर आमचे दोन आक्षेप आहेत.

पहिला नावावर. ऋण उत्प्रेरक हा शब्द रसायनात आधीच वापरात होता, अभिक्रिया मंदावणाऱ्या पदार्थासाठी. त्यामुळे विद्यार्थी ऐकतो एक आणि समजतो दुसरे. विकर अभिक्रिया मंदावते असे रेतेय म्हणत नाहीत. इतर अभिक्रिया अडवते असे म्हणतात. 'ऋण' म्हटले की काहीतरी कमी असल्यासारखे वाटते. इथे तर उलट आहे. अडवायला भिंती लागतात, भिंतींना प्रथिन लागते. एका लोहाच्या अणूला धरायला तीन हात पुरतात, दोन हिस्टिडीनचे आणि एक अस्पार्टिक आम्लाचा. मग उरलेली शेकडो अमिनो आम्ले कशाला? त्यांतली बरीचशी या बंदोबस्ताला. असे बांधकाम ज्यावर उभे आहे त्याला ऋण कसे म्हणावे?

दुसरा आक्षेप जास्त गंभीर. रेतेय यांच्या मांडणीत मूलक जणू आयता हजर असतो. तो आधी निर्माण व्हावा लागतो, आणि ते काम अजिबात फुकटचे नाही. याच ब-१२ च्या विकरांत कोबाल्ट आणि कार्बन यांच्यातला बंध तोडावा लागतो. विकर ते तोडणे सुमारे एक लाख कोटी पटींनी वेगवान करते. एकावर बारा शून्ये. तेव्हा पाठ्यपुस्तकाचा 'वेग' आणि रेतेय यांची 'अडवणूक' ही दोन्ही कामे एकाच घरात चालतात.

आपल्याकडच्या जुन्या बागायतीत दोन गोष्टी असत. मोट आणि पाट. मोटेने पाणी विहिरीतून वर काढायचे, ते कष्टाचे काम. एकदा थारोळ्यात पडले की पाणी आपल्या गुणाने उताराला लागते, त्याला ढकलावे लागत नाही. पण म्हणून ते उसालाच मिळेल असे नाही. तिथे एक माणूस फावडे घेऊन दारे धरत उभा असतो, एक वाफा भरला की दार मोडून दुसऱ्याला पाणी देतो. आमच्या पिढीतल्या पुष्कळांनी हे काम केलेले आहे. पाठ्यपुस्तक फक्त मोटेबद्दल बोलते. रेतेय फक्त दारे धरणाऱ्याबद्दल. उपमा फार ताणू नये; पाट स्थिर असतो, प्रथिन सारखे हलत असते. पण मोट आणि पाट वेगळे करून पाहता येतील का, हा प्रश्न मात्र विचारण्यासारखा आहे. आणि गंमत अशी, की वनस्पतींनी तो प्रयोग आपल्यासाठी करून ठेवला आहे.

१९९७ साली अमेरिकेतल्या वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठातल्या नॉर्मन लुइस यांच्या गटाने फोर्सिथिया नावाच्या फुलझाडाच्या खोडातून एक प्रथिन वेगळे केले. त्याआधीचा पेच असा होता. कोनिफेरिल अल्कोहोल नावाचा एक रेणू वनस्पतीत मुबलक असतो. लाकडाला ताठपणा देणारे लिग्निन ज्यांतून होते, त्यांतला तो एक. लॅकेजसारखे विकर त्याचे मूलक करते. दोन मूलक भेटले की जोडले जातात. परीक्षानळीत हे केले तर सगळा गोंधळ होतो. काही भलत्याच जागी जोडले जातात. जे हव्या त्या जागी जोडले जातात, त्यांतून पिनोरेझिनॉल नावाचा पदार्थ होतो. पण तोही निम्मा उजवा, निम्मा डावा. आपल्या दोन हातांसारखे, सगळे सारखे आणि तरी एकावर एक न बसणारे. झाडात मात्र उजवाच सापडतो. मग लुइस यांच्या गटाने ते नवे प्रथिन नळीत घातले आणि उजवा पिनोरेझिनॉल मिळाला. त्या प्रथिनात धातू नाही, मूलक करण्याची कसलीच शक्ती नाही. एकटे ठेवले तर ते काहीही करत नाही. कोनिफेरिल अल्कोहोल किती वेगाने संपते हे पूर्वीसारखेच लॅकेजवर अवलंबून राहते, प्रथिन असो वा नसो. त्याला डिरिजंट प्रथिन असे नाव मिळाले, वाट दाखवणारे अशा अर्थाचे. पुढे २०१० मध्ये अरेबिडॉप्सिस या छोट्या रोपट्यात त्याचा एक भाऊबंद सापडला. तो त्याच मूलकांतून डावा पिनोरेझिनॉल देतो.

आता पाठ्यपुस्तकाची व्याख्या इथे लावा. वेग वाढला का? नाही. मग हे विकर नाही. ठीक आहे, नाही तर नाही. नावावरून भांडण नको. पण मग उजवेपणाचे कारण कोण? लॅकेज म्हणावे तर त्याला उजवे-डावे ठाऊक नाही. मूलक म्हणावेत तर ते दोन्हीकडे सारखेच जातात. ज्याने 'काही केले नाही' असे व्याख्या म्हणते, त्याच्यावाचून उजव्यालाच हक्क मिळत नाही. तिळात पुढे याच पिनोरेझिनॉलपासून सेसॅमिन होते. हिमालयातल्या पोडोफायलमच्या मुळांत याच वाटेने पोडोफायलोटॉक्सिन होते, ज्यापासून कर्करोगावरचे एटोपोसाइड हे औषध काढतात. एवढा सगळा पुढचा कारभार ज्याच्यावर उभा आहे त्याला कारणांच्या यादीत जागाच नसेल, तर यादी करणाऱ्यालाच जाब विचारावा लागेल.

आमच्या शास्त्रात या प्रकारचा एक जुना वाद आहे, तो इथे उपयोगी पडतो. अग्नी जाळतो. जवळ एक विशिष्ट मणी आणून ठेवला तर म्हणे तो जाळत नाही, मणी काढला की पुन्हा जाळतो. मणी खरा की खोटा हे सोडा, विचारप्रयोग म्हणून घ्या. मीमांसक म्हणाले, अग्नीत दाहशक्ती नावाचे एक अदृश्य तत्त्व आहे, मणी ते नष्ट करतो. नैयायिक म्हणाले, ही अदृश्य शक्ती कशाला मानायची? कारणांच्या सामग्रीत प्रतिबंधकाचा अभाव हाही एक घटक धरा, काम झाले. दहाव्या शतकात उदयनाचार्यांनी न्यायकुसुमांजलीत ही बाजू लढवली. अभाव हे कारण असू शकते, असे छातीठोक सांगणारे ते लोक. मणी असूनही जाळण्याचे काम करवून घेणारा एक उत्तेजकही त्यांनी कल्पिला होता. उत्प्रेरक हा शब्द ऐकताना आम्हाला नेहमी त्याची आठवण येते.

इथे एक इशारा. आमच्या पूर्वजांना विकरे ठाऊक होती असे ऐकून कोणी घरी जाऊ नये. (हशा) नव्हती ठाऊक. त्यांनी एक प्रश्न नीट विचारला होता, एवढेच आम्ही म्हणतो. शिवाय त्यांचे उत्तर इथे जसेच्या तसे बसतही नाही. त्यांच्या हिशेबाने उजव्या पिनोरेझिनॉलचे कारण डिरिजंट प्रथिन ठरणारच नाही; ते नसतानाही उजवा होतोच, निम्म्या वाट्याने का होईना. ज्याच्यावाचूनही कार्य होते, ते कारण कसले? हा आक्षेप अगदी बिनतोड आहे. त्यातून बाहेर पडायची वाट आम्हाला एकच दिसते. 'उजवा झाला' आणि 'उजवाच झाला' ही दोन वेगळी कार्ये माना. पहिल्याचे कारण मूलक आणि लॅकेज. दुसऱ्याचे कारण डिरिजंट प्रथिन. पश्चिमेकडे नेड हॉल यांनी २००४ साली कारणाच्या दोन कल्पना वेगळ्या केल्या, एक घडवून आणण्याची, दुसरी अवलंबून असण्याची. तेही याच्या जवळपास येतात, पण 'च' त्यांच्याही हातून निसटतो असे आमचे मत आहे.

एवढे ऐकल्यावर एखादा चतुर श्रोता उलट टोकाला जाईल. म्हणेल, मग विकर नुसते आवार आहे. आत जे होते ते रेणूच्या स्वभावाने होते. हा आपल्याकडचा स्वभाववाद झाला. आणि रसायनात त्याचे पाठीराखे आहेत, हलके घ्यावेत असे नाहीत. टर्पीन नावाच्या सुगंधी द्रव्यांबाबत ही बाजू बरीच भक्कम आहे. पंधरा कार्बनची एक साखळी, तिच्या टोकाचा फॉस्फेटांचा जोड निघून जातो, कार्बन उघडा पडतो, म्हणजे कार्बोकॅटायन. मग ती साखळी स्वतःवरच वळते, कडी मिटतात, भार एका कार्बनवरून दुसऱ्यावर उड्या मारतो. अलीकडच्या गणिती अभ्यासांतून दिसते, की यातल्या पुष्कळ उड्या कार्बोकॅटायन विकराबाहेर, रित्या पोकळीतही मारील. विकराची खोबण तेलकट असते, ती पाण्याला आत येऊ देत नाही, कारण पाणी आले की खेळ तिथेच संपतो.

आपल्या चंदनातले एक विकर या एकाच साखळीपासून तीन प्रकारची सँटॅलीने आणि त्यांच्या जोडीला एक बर्गॅमोटीन अशी चार द्रव्ये करते. पुढे दुसरी विकरे त्यांवर ऑक्सिजन बसवतात आणि सहाणेवर उगाळताना येतो तो वास तयार होतो. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतही चंदनाच्या या विकरांवर चांगले काम झाले आहे. चारांचे काय घेऊन बसलात! अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या ग्रँड फर या सूचिपर्णी झाडातले एक विकर एकाच साखळीपासून ५२ निरनिराळी द्रव्ये देते. १९९८ साली हे प्रसिद्ध झाले, लुइस यांच्याच विद्यापीठातून. बावन्न! कुलूप-किल्लीवाल्याने इथे काय बोलावे? एक कुलूप, एक किल्ली, आणि दार उघडले की दर वेळी निराळी खोली.

स्वभाववादी इथे हसेल. पण त्याने २००६ सालचे कामही पाहावे. बर्कलीत जे कीसलिंग यांच्या गटाने याच बावन्नवाल्या विकराच्या खोबणीतली मोजकी अमिनो आम्ले बदलली आणि सात नवी विकरे मिळवली. त्यांतले प्रत्येक आता एक किंवा थोडीच द्रव्ये देते, आणि प्रत्येकाची निवड निराळी. साखळी तीच, कार्बोकॅटायन तोच, स्वभावही तोच. बदलल्या त्या भिंती. सगळे स्वभावानेच होत असते, तर भिंतीच्या दोनचार विटा हलवून वाट बदलली नसती. स्वभाव वाटा पुरवतो, हे खरे. बावन्न वाटा पुरवतो. त्यांतली कोणती उरावी, हे तो सांगत नाही. आणि हेही ध्यानात घ्या, की त्या झाडाला बावन्न चालत असतील. राळेने किडे-बुरशी हटवायची तर मिश्रण गैरसोयीचे कशावरून? 'च' नेहमी हवाच असतो असे आम्ही मुळीच म्हणत नाही. पेनिसिलिनला तो हवा, फरच्या झाडाला कदाचित नको. त्यामुळे निसर्गाला कुशल कारागीर म्हणण्याची जी पद्धत लोकप्रिय विज्ञानलेखनात पडली आहे, ती आम्हाला मान्य नाही. कारागिराला बावन्न वस्तूंचा ढीग दाखवून 'यातली कोणती करायची होती?' असे विचारता येते. इथे तो प्रश्नच लागू होत नाही.

आता शेवटचे उदाहरण, आणि पाठ्यपुस्तकाच्या वाक्याला ते सर्वांत अडचणीचे आहे. स्यूडोमोनास सिरिंगी नावाचा जिवाणू वनस्पतींना रोग लावतो. त्याच्या विषात एक क्लोरीनचा अणू असतो. तो बसवणारे विकर म्हणजे सिर-बी-२. पेनिसिलिनच्या विकरासारखेच लोहाचे. फरक असा, की लोहाला धरणाऱ्या तीन हातांपैकी आम्लाचा हात इथे नाही, त्या जागी क्लोराइड येऊन बसते. ख्रिस्तोफर वॉल्श आणि कॅथरिन ड्रेनन यांच्या गटांनी २००६ साली ही रचना दाखवली. लोह-ऑक्सिजनची जोडी थ्रिओनीन या अमिनो आम्लाच्या टोकाचा हायड्रोजन ओढते, मूलक उरतो. आता त्या मूलकासमोर लोहावर दोघे उभे आहेत, एक क्लोरीन आणि एक ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी. दुसरा तर नेहमीचाच गिऱ्हाईक. तरी मिळतो तो क्लोरीन.

२००९ साली पेन स्टेट विद्यापीठातल्या बोलिंजर आणि क्रेब्ज यांच्या गटाने त्याचे कारण शोधले. थ्रिओनीनच्या जागी त्यांनी एक कार्बन लांब असलेले नॉरव्हॅलीन दिले. लोह-ऑक्सिजनची जोडी १३० पट वेगाने खर्ची पडली. अभिक्रिया इतकी भरभर झाली, आणि जे मिळाले त्यात मुख्यतः क्लोरीनऐवजी ऑक्सिजन बसलेला होता. लांब साखळीचे टोक ऑक्सिजनच्या अगदी जवळ गेले होते, म्हणून हायड्रोजन पटकन निघाला आणि ऑक्सिजनही पटकन बसला. थ्रिओनीनला हे विकर ऑक्सिजनपासून थोडे दूर आणि क्लोरीनच्या बाजूला धरते. त्यामुळे हायड्रोजन ओढणे अवघड होते, वेळ लागतो. पण मूलक झाल्यावर हाताशी असतो तो क्लोरीन.

म्हणजे इथे वेग किंमत म्हणून मोजलेला आहे. वेगाच्या फूटपट्टीने या विकराची परीक्षा घेणारा नॉरव्हॅलीनच्या वेळी त्याला १३० पट गुण देईल, आणि जिवाणूचे विष मात्र तयार झालेले नसेल. ही किंमत किती मोजावी, कुठे मोजू नये, हे प्रत्येक विकराबाबत निराळे निघेल आणि ते प्रयोगानेच कळेल; आमच्यासारख्यांनी खुर्चीत बसून ते सांगू नये. त्या दोन हातांच्या अंतरातला फरक अणूच्या मापाचा आहे, तो मोजण्याची साधने रसायनवाल्यांकडे आहेत. त्यांनी पुढच्या आवृत्तीत ते वाक्य तेवढे बदलावे, अशी आमची विनंती आहे.

वेळ झाली आहे असे संयोजक खुणावत आहेत. डिरिजंट प्रथिनाला कारण म्हणावे की नाही यावर ज्यांचे आमच्याशी पटत नाही, त्यांनी आधी हात वर करावेत.